जरा पाइप धरता का?

“ओ ताई, जरा पाइप धरता का?”

एवढंच म्हणाला होता तो. रात्रीचे दोन वाजायला आले होते. अंगावर घरातला गाऊन, पायांत दोन वेगवेगळ्या जोड्यांमधल्या चपला, अशा अवतारात मी इतर सगळ्यांसारखीच इमारतीच्या दाराशी बघत उभी होते. जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत आग लागली होती. कोणाच्या जुन्या गाद्या, कोणाच्या रद्दीचे गठ्ठे, एक पाय मोडलेला सोफा, ‘काढू एकदा’ म्हणत म्हणत वर्षानुवर्षं साचलेलं सगळं तिथे होतं. वरच्या मजल्यांवरचे लोक गॅलऱ्यांतून वाकून ओरडत होते, आम्ही खालचे बाहेर पळालो होतो. मग बंब आला आणि नुसत्या आवाजानेच सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बंबातून तीन माणसं उतरली. एक पंपाशी गेला. दुसरा, अगदी कोवळा मुलगा, पाठीवर हवेचा सिलिंडर चढवून मास्कचे पट्टे आवळू लागला. तिसरा पन्नाशीचा असेल. तो पाइपाचं भेंडोळं उलगडत दारापर्यंत आला. त्याला मुलाबरोबर आत जायचं होतं आणि दाराच्या कोपऱ्यावर पाइपाला मोड पडू नये म्हणून तिथे कोणीतरी हवं होतं. त्याने आमच्या घोळक्यावरून नजर फिरवली आणि का कोण जाणे, मला निवडलं.

हातात आला तेव्हा पाइप म्हणजे नुसती चपटी, जाड कापडी पट्टी होती. आतून काहीतरी ओरडणं ऐकू आलं, पंपाजवळच्याने खटका फिरवला आणि पट्टीच्या पोटातून एक फुगवटा माझ्याकडे धावत आला. हातातली वस्तू एकदम जिवंत झाली. ताठ, गार, थरथरणारी, आणि इतकी जड की मी दोन्ही हातांनी कवटाळूनच बसले तिला. नंतर कधीतरी मी हिशेब मांडला. 63 मिलिमीटर व्यासाच्या पाइपात दर मीटरला तीन लिटरहून जास्त पाणी मावतं, म्हणजे पंधरा मीटरची एक लांबी भरली की पंचेचाळीस किलोच्या वर. हे वजन ही माणसं धुरात, गुडघ्यांवर रांगत, वळणावळणांतून ओढत नेतात. त्या वेळी मला यातलं काही माहीत नव्हतं. जळक्या कापसाचा घशात रुतणारा वास येत होता, गुडघ्याखाली पाणी वाहत होतं आणि गाऊन चिंब झाला होता. आयुष्यात इतकी उपयोगी मी क्वचितच पडले असेन, असं मला वाटत होतं.

आग तशी मोठी नव्हती. वीस-पंचवीस मिनिटांत दोघं बाहेर आले. मुलगा पायरीवर बसला, मास्क काढला, तर चेहऱ्यावर रबराच्या कडेचा लालभडक वळ. थंडीत दौडून आलेल्या घोड्याच्या अंगातून निघते तशी त्याच्या कोटातून वाफ निघत होती. मी भारावून गेले होते. त्या वयस्कर माणसाला म्हटलं, “किती शूर हो तुम्ही!” तो हेल्मेटच्या आतलं पाणी झटकत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, “शूर कसले ताई. तिघंच होतो.”

मला ते विनयाचं बोलणं वाटलं.

पुढे कित्येक महिने मी ही गोष्ट सांगत फिरले. लग्नांत, प्रवासात, कोणी नवीन भेटलं की. सांगता सांगता तिला थोडी पुटंही चढली. पाइप जास्त जड झाला, धूर जास्त काळा झाला, आणि ‘ताई, तुम्हीच धरा’ असं काहीसं त्या माणसाच्या तोंडी आलं. ऐकणाऱ्यांना आवडायची. मग एकदा भाचीची नऊ वर्षांची मुलगी ती ऐकत बसली होती. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण आजी, तुला का धरायला सांगितलं? त्यांच्याकडे माणसं नव्हती?”

नव्हती.

इतका सरळ प्रश्न मला सुचला नव्हता, याची मला लाज वाटली. ज्या जागेवर मी अभिमानाने बसले होते ती जागा मुळात रिकामी असायलाच नको होती. धाडसाची म्हणून मी जी गोष्ट सांगत होते ती भरतीची होती. मग शोधाशोध केली. आगीच्या कामातला एक जुना दंडक सापडला: आत दोन, बाहेर दोन. जीव गुदमरवणाऱ्या धुरात एकट्याने शिरायचं नाही, आणि आत दोघं असतील तर त्यांना ओढून काढायला बाहेर दोघं तयार हवेत. अमेरिकेत 1998 पासून तो कामगार-सुरक्षेच्या नियमांतच आहे. तिथल्याच राष्ट्रीय मानक संस्थेने 2010 मध्ये एक अहवाल काढला. त्यासाठी खास बांधलेल्या घरात साठाहून जास्त वेळा खरीखुरी आग लावून, दोन, तीन, चार आणि पाच माणसांच्या तुकड्यांना तीच ती बावीस कामं करायला लावली होती: शिडी लावणं, पाइप नेणं, खोल्या धुंडाळणं, वगैरे. चौघांच्या तुकडीने ती कामं तिघांच्या तुकडीपेक्षा पाव वेळ वाचवून संपवली. पाव वेळ हे कागदावर फार वाटत नाही. पण जुन्या लाकडी-सुती सामानाची खोली पूर्ण पेट घ्यायला जिथे अर्धा तास घेई, तिथे आजच्या फोम आणि प्लास्टिकने भरलेल्या खोलीला पाच मिनिटंही लागत नाहीत, हेही असंच प्रत्यक्ष जाळून पाहिलेलं आहे. एका क्षणी खोलीतली प्रत्येक वस्तू एकाच वेळी भडकते. त्याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर आत असलेला माणूस, मग तो कितीही शूर असो, वाचणं जवळपास अशक्य.

त्या रात्री आत दोन होते. बाहेर एक पंपाशी जखडलेला. आणि चौथी मी, गाऊनमधली.

मग मी अग्निशमन केंद्रावर गेले. कशाला गेले ते धड सांगता येणार नाही. माफी मागायला म्हणावं तर माझं काय चुकलं होतं? पण गेले. तो वयस्कर माणूस तिथेच होता, त्याने मला ओळखलं नाही. मी आठवण करून दिली तेव्हा “हां, गाद्यांची वर्दी” म्हणाला. वर्दी म्हणजे आग लागल्याची खबर, आणि त्यांच्याकडे आगींना अशीच नावं असतात. पुढे मी तीन-चार वेळा गेले, आणि दरवेळी मला सगळ्यांत आधी दिसायचे ते बूट. गाडीच्या बाजूला ओळीने उभे, प्रत्येक जोडीवर पँट आधीच खाली सरकवून चढवलेली, म्हणजे पाय घातले की पँट वर ओढायची आणि निघायचं. घंटा झाल्यापासून गाडी हलेपर्यंत ऐंशी सेकंद, असं एक मानक आहे. तेवढ्या वेळात मी चष्मा शोधते. माणसं नसलेले ते बूट बघताना एखाद्या खोलीतून सगळे अदृश्य झाल्यासारखं वाटायचं. वास मात्र भरपूर: रबर, डिझेल, ओलं कापड, आणि या सगळ्याखाली एक जुना, कडवट, काजळीचा.

त्या वासाबद्दल मी काहीतरी कौतुकाने बोलले. ‘कामाचा वास’ वगैरे. मुलगा, तोच तो कोवळा, हसला आणि म्हणाला की पूर्वी सगळ्यांनाच असं वाटायचं. ज्याचा कोट जास्त काळा तो जास्त अनुभवी. कोट धुणं म्हणजे पदक पुसून टाकणं. आता त्यांना शिकवतात की ती काजळी म्हणजे विष आहे. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2022 मध्ये आगीशी लढण्याचा व्यवसायच पहिल्या गटात टाकला. ज्यांच्यामुळे माणसाला कर्करोग होतो याबद्दल शंका उरलेली नाही, तो गट. तंबाखू त्याच गटात आहे. म्हणून आगीवरून आलं की कोट धुवायचा, हातमोजे धुवायचे, डोक्यावरचा कापडी टोपरा बदलायचा. “पण ताई,” तो म्हणाला, “धुवायला टाकला आणि तासाभरात दुसरी वर्दी आली तर घालू काय?” दुसरा संच हवा. मोठमोठ्या यंत्रांच्या आणि गगनचुंबी शिड्यांच्या बातम्या आपण वाचतो, त्यांचे फोटो छान येतात. दोरीवर वाळत असलेल्या दुसऱ्या कोटाचा फोटो कोण काढणार?

तिथे एक शिकाऊ मुलगी होती. शिडीवर ती सगळ्यांत चपळ. फक्त हातमोजे तिच्या बोटांपेक्षा बोटभर लांब होते. या पोशाखांची मापं मुळात पुरुषांच्या अंगावर बेतलेली असतात आणि लहान माप म्हणजे तोच साचा थोडा आखडलेला, ही तक्रार जगभरच्या स्त्री-जवानांची आहे. ढिल्या हातमोज्यात गाठ मारता येत नाही. काढला तर हात भाजतो. ती मोज्यांची टोकं मुडपून, वर रबर अडकवून काम करायची. सगळी आपापली हत्यारं आवरत होती, पाइप वाळायला टांगत होती, आणि ही एका कोपऱ्यात बसून पंधरा-वीस वेळा तीच गाठ. घाल, सोड, घाल, सोड. मी विचारलं, एवढं का? म्हणाली, “डोळे मिटून यायला पाहिजे.” तिची भरती झाली तेव्हा धावणं बघितलं, उंची बघितली, दोर चढायला लावला. आता जे शिकवत होते ते सगळं मंद होतं. काळ्या पट्टीने डोळे बांधून एक हात भिंतीला लावायचा आणि तो न सोडता खोलीभर फिरून दाराशी परत यायचं. श्वास मोजून घ्यायचा, कारण अर्ध्या तासाचा म्हणून दिलेला सिलिंडर घाबरलेला माणूस पंधरा-वीस मिनिटांतच संपवतो. हवा कमी झाली की शिट्टी वाजते, आणि ती वाजल्यावर ‘एवढं एक करून जाते’ म्हणायचं नाही. धडधाकट मुलं भरती करायची आणि मग त्यांना थांबायला शिकवायचं, हे मला मोठं विचित्र वाटलं होतं. पण अमेरिकेत कामावर असताना दगावणाऱ्या जवानांमध्ये सर्वांत जास्त मृत्यू हृदयविकाराने होतात हे वाचलं आणि वाटलं, धडधाकटपणाचं आपण जरा जास्तच मनावर घेतो.

भरतीचा विचार करताना मला स्कॉटलंडमधल्या एडिनबरोचा जेम्स ब्रेडवुड फार आवडायला लागला. 1824 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो त्या शहराच्या आग-दलाचा प्रमुख झाला. त्याने पैलवान शोधले नाहीत, कारागीर शोधले: कौलं घालणारे, सुतार, गवंडी, नळकाम करणारे. ज्याने छपरं घातली त्याला छपरावर चालता येतं, ज्याने भिंत बांधली त्याला ती कधी पडेल हे कळतं. तालीम पहाटेच्या अंधारात घ्यायची, कारण आग दिवसाउजेडी लागेलच असं नाही. आणि आत शिरताना एकट्याने शिरायचं नाही, हेही तो तेव्हापासून सांगत होता. दोनशे वर्षांपूर्वी! पुढे लंडनचं दल त्याने उभं केलं आणि 1861 मध्ये टूली स्ट्रीटच्या गोदामांच्या आगीत भिंत अंगावर कोसळून तो गेला. भिंतीची भाषा जाणणारी माणसं निवडणारा माणूस भिंतीखालीच गेला, यातून काही अर्थ काढायचा मोह होतो. पण भिंत ती, पडली.

त्याच्याही आधी रोममध्ये, इसवी सन 6 मध्ये, सम्राट ऑगस्टसने रात्रीची गस्त घालून आगी विझवणारी पथकं उभारली. त्यात सुरुवातीला घेतले ते गुलामीतून सुटलेले लोक. पुढे काही वर्षं हे काम केलं की पूर्ण नागरिकत्व मिळे. उलट चिली देशात आजही जवळपास सगळे अग्निशमन जवान बिनपगारी आहेत. दिवसा कोणी वकील, कोणी सुतार, वर्दी आली की सगळे बंबावर, आणि मानाची गोष्ट म्हणून तिथे नाव घालायला लोक उत्सुक असतात. म्हणजे कुठे नागरिकत्व, कुठे मान, कुठे पगार. काहीतरी द्यावंच लागतं. टाळ्या वाजवणं त्यात धरायचं की नाही हे मला ठरवता आलेलं नाही. मीही वाजवल्याच होत्या.

ऑस्ट्रेलियातल्या लिंटनच्या वणव्यात 2 डिसेंबर 1998 रोजी पाच स्वयंसेवक जवान गेले. वारा फिरला तेव्हा ते पाण्याची टाकी भरून आणायला निघाले होते. त्यांच्या मृत्यूतून पुढे 4 मे हा दिवस जगभर अग्निशमन जवानांचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. दिवस लक्षात राहतो. टाकी रिकामी होत आली होती, हे बारीक अक्षरात उरतं.

पण मला झोपू दिलं नाही ते आणखी जुन्या एका वणव्याने. अमेरिकेतल्या मोंटानातली मॅन गल्च नावाची दरी, 5 ऑगस्ट 1949. विमानातून छत्रीने उतरलेली तरुण मुलं, वाळलेल्या गवताचा चढ, आणि खालून आग त्यांच्यामागे धावत येते आहे. त्यांचा नायक वॅग्नर डॉज ओरडला, हत्यारं टाका. काहींनी टाकली, काहींना टाकवेनात. मग डॉजने एक अजब गोष्ट केली. त्याने काडी ओढून समोरचंच गवत पेटवलं, ते जळून काळं झालं तसा त्या राखेत जाऊन पालथा पडला आणि बाकीच्यांना आत बोलावू लागला. जळून गेलेल्या जागी पुन्हा काय जळणार? मुलांना वाटलं याचं डोकं फिरलं. ती त्याला ओलांडून वर पळत गेली. तेरा जण मेले. डॉज वाचला, आणि खडकांच्या फटीतून निसटलेले दोघं. ही युक्ती त्यालाही कोणी शिकवलेली नव्हती, ऐन वेळी सुचली होती. त्या मुलांची आणि त्याची एकत्र तालीमही फारशी झालेली नव्हती. मला राहून राहून त्या मुलांचं चुकलं असं वाटत नाही. ज्याच्याबरोबर पहाटेच्या अंधारात शंभर वेळा त्याच त्या शिड्या चढलेल्या नाहीत, त्याने पेटत्या गवताकडे बोट दाखवून ‘आत या’ म्हटलं तर मी गेले असते का? त्या रात्री मुलगा आणि तो वयस्कर माणूस आत गेले तेव्हा एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. पुढच्याच्या खांद्यावर मागच्याचा हात होता. ते बघताना मला वाटलं होतं, किती सहज जातात! त्या सहजपणामागे किती कंटाळवाण्या दुपारी गेलेल्या असतील हे केंद्रावर बसल्यावर थोडं कळलं.

भाचीच्या मुलीला मी अजून नीट उत्तर दिलेलं नाही. माणसं का नसतात? कोणी निवृत्त होतं, ती जागा कागदावर राहते. कोणी भरती होतं आणि शिकवणारा नसतो, म्हणून ते कागदावर राहतं. आग रोज लागत नाही, त्यामुळे नुसते बसून राहिलेले जवान हिशेब करणाऱ्याला फुकट बसलेले दिसतात. ते बसलेले असणं हेच आपण विकत घेतलेलं आहे, हे नऊ वर्षांच्या मुलीला कसं समजवायचं? मला वाटतं तिला कदाचित पटकन समजेल. अडचण इतरांची आहे. आणि जिन्याखालची खोली? ती रंगवून झाली, आणि परवा पाहिलं तर कोपऱ्यात पुन्हा एक गादी उभी करून ठेवलेली. मी कोणाची म्हणून विचारायला गेले, तर माझ्याच शेजारणीची. ‘काढणार आहे हो एकदा.’

मागच्या महिन्यात मी केंद्रावर गेले तेव्हा त्यांची तालीम चालू होती. ती हातमोजेवाली मुलगी पाइप घेऊन दारातून आत शिरत होती आणि चौकटीच्या कोपऱ्यावर दुसरा एक शिकाऊ बसला होता, अगदी माझ्या जागेवर. मला भरूनच आलं. मी त्या वयस्कर माणसाला म्हटलं, “मी अशीच बसले होते ना?” तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग मला हाताने धरून चौकटीशी घेऊन गेला. “हा बघा कुठे बसलाय. पाइपाच्या बाहेरच्या अंगाला. तुम्ही आतल्या अंगाला बसला होता, पाइप आणि चौकट यांच्या मधे. आतून एक हिसका बसला असता ना, तर पाइप ताणला गेला असता आणि तुम्ही चौकटीवर चेपल्या गेला असता. बरगड्या गेल्या असत्या.”

“मग तेव्हा सांगितलं का नाही?”

“सांगायला,” तो म्हणाला, “माणूस कुठे होता?”